पाहुण्यांसाठी केलेला धूर

कापसाला कोणी विचारत नव्हतं, त्या वर्षांत आमच्या गावात दुसऱ्याच्या घरची परिस्थिती छपरावर पाहून ठरायची. धूर दिसला म्हणजे चूल पेटली, घर बरं चाललंय. मी नवी सून, महागावच्या बाजारात कानातलं पाहून माणसं जोखणारी. मला हे शास्त्र लगेच पटलं.

अडचण एकच. माझ्या नणंदेनं घरात बिनधुराची चूल बांधून घेतली होती. दोन भांडी बसायची, मागून पाइप छपराबाहेर. मूठभर वाळल्या पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या काड्यांवर, वरण-भात दोन्ही शिजायचं आणि छपरावर धुराची जेमतेम रेघ. मला वाटे, ही बाई आपल्याला गावात उपाशी ठरवणार.

त्याच नणंदेला पाहायला पुसदकडचे पाहुणे आले. एवढं चांगलं स्थळ हातचं जाऊ नये, म्हणून सासूच्या जिवाला घोर. मी ठरवलं, आपलं घर भरलेलं दिसलंच पाहिजे. चुलीच्या तोंडात पऱ्हाटीचा अख्खा भारा कोंबला, वरून ओलं लाकूड. छपरावर काय दिसलं देव जाणे, पण अर्धा धूर उलटा फिरून बैठकीत गेला. मुलाचे काका खोकत अंगणात पळाले. मी मात्र फुंकणी तोंडाला लावून बसले होते, जशी काही आगगाडीच हाकत होते.

नणंद पदर सावरत आत आली. "वहिनी, चूल पेटवून राह्यल्या का मच्छर हाकलून राह्यल्या?"

तिनं भारा बाहेर ओढला, ओलं लाकूड बाजूला टाकलं, राख काढून खालून हवेला वाट केली आणि चार वाळक्या काड्या सरकवल्या. जाळ सरळ उभा राहिला. पुढे पोहे, मागे चहा.

मुलाची आई डोळे पुसत दारात उभी होती. "एवढ्याशा जळणात होते काय वं?"

"होते. तुमच्या घरी पाइपची चूल हाय का?"

सासूनं कपाळाला हात लावला. पाहायला आलेल्यांनाच विचारणारी मुलगी आमच्याकडे तोवर झाली नव्हती.

"नाही," ती बाई म्हणाली. "डोळे गेले माहे त्या धुरात."

"मंग आधी चूल बांधा. बाकीचं मंग बोलू."

पाहुणे गेले. मी सासूची समजूत काढायला गेले, तर म्हणाली, "तू त नुसता धूर केला. इनं त आगच लावली."

काही दिवसांनी मुलगा स्वतः आला, हातात सुतळी. पाइपची जाडी मोजायची होती, गवंडी घरी खोळंबला होता. सासूनं घाईघाईनं चहा टाकायला सांगितलं. मला नाही, नणंदेला.