कोटाची वाटणी

कॉलेजच्या फाटकासमोरच्या फोटोवालीला पोरं हनुवटीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तेवढी छाती कुणाची नव्हती. स्टुलावर येऊन बसलेल्याला ती या-बसा म्हणत नसे, नाव-गाव विचारत नसे. कॅमेऱ्यामागून पहिला शब्द यायचा तो "हनुवटी!" आणि पाठोपाठ, "वर. वर म्हणजे माझ्याकडे, आभाळात नाही." कुणी हसलं तर म्हणायची, "हसून घे. निकाल लागला की बघते किती हसतोस ते." कुणी केस सारखे करत बसलं की, "नवरदेव, पुरे. कान दाखव. दोन्ही. आहेत ना?" पोरं चरफडत बाहेर पडायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याकडेच यायची, कारण तिनं काढलेला फोटो कॉलेजच्या खिडकीतून कधी परत आला नव्हता.

कॉलेजचा एक जुना नियम होता. ओळखपत्रावरच्या फोटोत अंगात काळा कोट हवा. मुलगा असो की मुलगी. आता बाहेरगावाहून दोन पिशव्या घेऊन आलेल्या पोरांकडे कोट कुठला असणार? म्हणून स्टुडिओतल्या खुंटीला एक कोट कायमचा टांगलेला असे. तो हनुवटीबाईच्या सासऱ्यांचा. माणूस रुंद, हौशी. कापडही तसंच भारी घेतलेलं. बाह्या पोरांच्या बोटांखाली लोंबायच्या, पण फोटो छातीपर्यंतच असतो, बाह्यांना कोण विचारतो! पाठीमागं उरलेलं कापड चिमटीत धरायचं आणि क्लिपा लावायच्या, की समोरून साहेब तयार. नवरा होता तेव्हा तो फोटो काढायचा आणि ही स्टुलामागे उकिडवी बसून क्लिपा लावायची. असाच त्यांचा संसार झाला. नवरा मवाळ होता, दोघांच्या वाटचं तिखट एकट्या हिच्याकडे आलं होतं. तो गेल्यावर तिनं फार दिवस शटर बंद ठेवलं नाही. शेजारणी कुजबुजल्या, तेव्हा म्हणाली, "मग काय करू? पोरांना सांगू का, जरा थांबा, ते परत आले की काढतील?"

तिचं खरं वैर होतं दिराशी.

दिराला वाईट म्हणायला माझी काही हरकत नाही. एकाच गाळ्यात मधे प्लायवूडची फळी ठोकून अलीकडे हिचा स्टुडिओ आणि पलीकडे त्याचं झेरॉक्सचं दुकान, अशी सासऱ्यांनी सोय करून ठेवली होती. भाऊ होता तोवर दीर गप्प होता. भाऊ गेला आणि त्याला आपलं दुकान अचानक अरुंद वाटू लागलं. त्यानं सगळ्यात मोठं मशीन फळीला खेटून लावलं. ते सुरू झालं की इकडे कॅमेऱ्याचं तिकाटणं थरथरायचं.

"भावजी, तुमचं मशीन सरकवा."

"सरकवलं असतं वहिनी, पण जागा नाही. जागा मिळाली की लगेच सरकवतो."

मग हिनंही पुढची सामायिक पायरी धुवायला काढली. वेळ नेमकी त्याच्या गिऱ्हाइकांच्या गर्दीची. पोरांच्या चपला ओल्या, दिराच्या दुकानात चिखल, आणि ही बादली हातात धरून म्हणणार, "स्वच्छता नको का?"

शेवटी दोघांनी मामांना बोलावलं. मामा म्हणजे सासूचे भाऊ, घरात उरलेले एकुलते एक वडीलधारे. सगळ्यांचं ऐकून घेत आणि कुणालाच नाराज न करता प्रकरण पुढं ढकलत. त्यांनी भांडीकुंडी, कपाट, भिंतीवरचं घड्याळ सगळं वाटून दिलं आणि गाळ्याशी येऊन थांबले. "असं करू," ते म्हणाले, "प्रवेशांचा हंगाम संपेपर्यंत बघू. हिचं दुकान चाललं तर फळी राहील. नाही चाललं तर फळी काढायची, गाळा धाकट्याकडे, आणि तो हिला महिन्याला देईल काय ते."

'काय ते' म्हणजे काय, ते हनुवटीबाईला लख्ख कळलं. दर महिन्याला दिराच्या काउंटरसमोर उभं राहायचं आणि जावेनं आतून विचारायचं, कोण आलंय हो? मरेपर्यंत हेच. त्यापेक्षा फळी गेली तर आपणच इथून निघून जावं, असं तिला वाटलं. पण तिनं मामांना होकार दिला. दुकान चालणारच होतं.

सगळे उठायला लागले आणि दीर म्हणाला, "आणि कोट?"

"कोटाचं काय?" मामा पुन्हा बसले.

"कोट बाबांचा. अर्धा हक्क माझा."

"कशाला हवा तुम्हाला?" हनुवटीबाईनं विचारलं. "घालणार आहात?"

"घालीन नाहीतर फरशी पुशीन. हक्क तो हक्क."

हंगाम तोंडावर आलेला, कोटाशिवाय स्टुडिओ म्हणजे नुसतं स्टूल. हे त्याला कळत होतं आणि त्याला कळतंय हे तिला कळत होतं. ती उठली. कोट आणला, कात्री आणली, आणि मामांच्या देखत पाठीची मधली शिवण खालून उसवत वर निघाली. अस्तर सरळ फाटलं. कॉलरपाशी आतलं जाड कापड कात्रीला दाद देईना, तेव्हा तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. मग उजवा अर्धा भाग दिराच्या मांडीवर टाकला.

"घ्या. एक बाही, एक खिसा. बटणं तुमच्याकडे, काजं माझ्याकडे. झाली वाटणी?"

मामा म्हणाले, "अगं, अगं!" पण ते कोट फाटून झाल्यावर.

रागाचं एक वाईट असतं, तो काम उरकून निघून जातो आणि निस्तरायला आपण उरतो. दुसऱ्या दिवशी शटर वर केलं तेव्हा खुंटीला अर्धा कोट लोंबत होता आणि पलीकडे दिराच्या दुकानावर नवा फलक लागला होता: 'कोटाशिवाय या, कोटात जा.' त्यानं सगळी तयारी आधीच करून ठेवली होती. मोबाइलवर फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर मानेखाली तयार कोट चिकटवायचा. बारकं पोर असो की आडदांड, सगळ्यांचे खांदे एकसारखे, जणू एकाच माणसाच्या धडावर आळीपाळीनं मुंडकी बसवलीत. पण पोरांना काय त्याचं? शिव्या न खाता फोटो मिळतोय म्हटल्यावर रांग तिकडे लागली. आणि सासऱ्यांच्या कोटाचा उजवा भाग त्यानं त्या मोठ्या मशीनवर धूळ बसू नये म्हणून पसरून ठेवला होता. पायरीवरून दिसेल असा.

हनुवटीबाई आपल्याच स्टुलावर बसून राहू लागली. एकदा कुणी नाही असं बघून तिनं अर्धा कोट अंगावर चढवला आणि तिरकं बसून आरशात पाहिलं, की एका बाजूनं जमतंय का. नाही जमत. तिला स्वतःचाच भयंकर राग आला. त्याला हवा होता अर्धा. आपण वेडेपणानं दिला, तोही स्वतःच्या हातानं कापून.

आणि मग चिकटवलेल्या कोटांचे फोटो कॉलेजनं झाडून सगळे परत पाठवले. खिडकीवर कागद लागला: उद्यापर्यंत नवा फोटो, अंगात खरा कोट, नाहीतर प्रवेश रद्द. बाजाराची त्या दिवशी सुट्टी. कोट भाड्यानं देणाऱ्या दुकानदाराकडे पोरं धावली, तर त्याचे सगळे कोट शेवटच्या वर्षाच्या मुलांनी नोकरीच्या मुलाखतींसाठी नेलेले. मग सगळी झुंड दिराच्या दुकानावर आली.

"काका, काय करून ठेवलंत हे!"

"अहो, माझा चेहरा आणि खांदे दुसऱ्याचेच, असं म्हणाले ते मला!"

हनुवटीबाई पायरीवर येऊन बसली आणि ऐकू लागली. खोटं कशाला बोलायचं, तिला आनंद झाला. दिराचा घाबरा आवाज फळीतून ऐकायला तिला जन्मभर चाललं असतं. इतक्यात एका मुलीनं तिला विचारलं, "काकू, तुमच्याकडे खरा कोट आहे ना? तुमच्याकडे असतो, ताई म्हणाली होती."

पाठोपाठ दुसरा आला, मग तिसरा. बघता बघता दारात गर्दी झाली. सगळा हंगाम तिच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आणि तिच्या खुंटीला अर्धा कोट. उरलेला अर्धा हाताच्या अंतरावर, फळीपलीकडे. पण तिची जीभ झडली असती तरी तिनं दिराकडे तो मागितला नसता. तिनं नुसतं म्हटलं, "थांबा." कशासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात पलीकडे आरडाओरडा झाला आणि दिराची मुलगी गर्दीतून वाट काढत आत आली. तिचाही याच वर्षी प्रवेश होता, आणि तिचाही फोटो परत आला होता. घरचंच दुकान, घरीच चिकटवलेला कोट, तरी परत. वाटणीपासून तिला इकडे यायची बंदी होती. तिच्या हातात मशीनवरून ओढलेला उजवा भाग होता.

"काकू, माझा फोटो काढ. हा घे अर्धा. तुझा अर्धा बाहेर काढ."

"ए! सोड तो!" दीर मागून धावत आला आणि त्यानं बाही धरली. "हा अर्धा माझ्या हातातून सुटणार नाही. एकदा का हिच्या खुंटीला लागला, की गेला."

हनुवटीबाईनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नका सोडू. स्टुलामागे बसा, आणि धरून ठेवा."

"मी? खाली?"

"मग काय कॅमेऱ्यासमोर बसता?"

दारातली पोरं फिदीफिदी हसली. "बाबा, बसा ना आता," मुलगी दात आवळून म्हणाली, "खिडकी बंद होईल माझी." दीर इकडेतिकडे बघत उकिडवा बसला. हनुवटीबाईनं पुतणीला दोन्ही बाह्या घातल्या, त्याची बटणं आपल्या काजांत अडकवली, आणि मानेमागे कॉलरची दोन टोकं जुळवून त्याच्या मुठीत दिली.

"ओढा. एवढं नका ओढू, गळा आवळाल पोरीचा. हं. हनुवटी!"

स्टुलामागे दिराचीही हनुवटी वर झाली.

फोटो झाल्यावर तो आपला भाग घेऊन उठायला गेला, तर पुढच्या पोरानं बाहीत हात घातलेलासुद्धा. ते पोर मघाशी त्याच्याच दुकानात सगळ्यात मोठ्यानं ओरडत होतं. त्याचं तोंड बंद होतंय तर होऊ दे म्हणून दीर पुन्हा बसला. त्याच्यामागे आणखी एक. दीर कोट सोडायला तयार नाही, आणि रांग दिराला सोडायला तयार नाही. आणि तो फाटका कोट जुन्यापेक्षा बरा निघाला. जाडं पोर आलं की मागे दोन भागांत वीतभर फट राहायची, समोरून भरदार. सडपातळ आलं की एक भाग दुसऱ्यावर चढवायचा. क्लिपांनी खांद्यावर चुण्या पडायच्या, त्याही पडेनात. हनुवटीबाईच्या हे लक्षात आलं, पण ती कौतुक करणाऱ्यातली नव्हे.

"भावजी, डोकं खाली. टक्कल चमकतंय."

"वहिनी, बोलताय कुणाशी!"

"जो खाली बसलाय त्याच्याशी. कानामागून बोट दिसतंय तुमचं. काढा."

संध्याकाळी दीर भिंतीला धरून उठला. गुडघे दाबत म्हणाला, "उद्या शिंप्याकडे टाकू. शिवून घेऊ एकदाचा."

"शिवला तर कुणाच्या खुंटीला राहणार?"

"कोट बाबांचा…" एवढं म्हणून तो अडला.

"तेच म्हणते मी. असू दे फाटका. उद्या वेळेवर या."

"गुडघे गेले माझे, वहिनी!"

"तिथं मी बसत होते," हनुवटीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला. "सगळी वर्षं. मला नव्हते गुडघे? तेव्हा एकदा तरी विचारलंत, वहिनी, दुखतात का?"

दीर आपला अर्धा कोट काखेत मारून गेला. पण कॉलेजनं मुदत वाढवली, त्याच्या चिकटवलेल्या कोटांकडे कुणी फिरकेना, आणि झेरॉक्सला येणारी पोरंही विचारत, "काका, तुम्ही बसणार ना मागे? मग मी फोटोला येतो." घरात मुलगी बोलेना. म्हणून तो रोज सकाळी कोट काखेत मारून यायचा, रोज भांडायचा आणि रोज खाली बसायचा. मोठं मशीन बंदच असे, मूठ सोडून ते चालवायला जाणार कोण! संध्याकाळी एक भाग इकडच्या खुंटीला, एक तिकडच्या. फळीच्या दोन्ही बाजूंनी दोघं एकमेकांना मनसोक्त शिव्या घालत कुलपं लावत.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी मामा आले. गर्दीतून आत शिरायला त्यांना चार जणांची माफी मागावी लागली. आत स्टुलावर एक किडकिडीत पोर ऐटीत बसलेलं, हनुवटीबाई कॅमेऱ्यामागे, आणि धाकटा भाचा कुठंच नाही. मग त्यांना स्टुलामागे टक्कल दिसलं.

"अरे, तू इथं? खाली काय करतोयस?" मामा म्हणाले. "मी फळीच्या निकालाचं बोलायला आलोय. तूच सांग. चालतं का वहिनीचं दुकान?"

याच प्रश्नाची दीर वाट बघत होता. त्यानं मान वर केली, तोंड उघडलं.

"भावजी, बोलू नका," हनुवटीबाई कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली. "खांदा हलतो."

दिराच्या दोन्ही मुठींत कोट होता. त्यानं मान खाली घातली आणि तो गप्प बसला.