लाल हेडफोन डाव्या कानावर

प्रमाण म्हणून जगणं ही फार मोठी जबाबदारी असते. आमच्या विभागात ती बारा वर्षं माझ्या दोन कानांवर होती. त्यांतला डावा बिघडल्याचं निदान एका सोमवारी सकाळी सव्वानऊला झालं. ते डॉक्टरांनी केलं नाही. शाइस्ता नावाच्या, इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थिनीनं केलं, आणि तेही माझी परवानगी न घेता.

मी आवाजबंद खोलीत बसलो होतो. शाइस्तानं माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला. लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या कानाला, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिनं नेमका उलटा लावला.

"शाइस्ता, लाल उजवीकडे. इतकी वर्षं काय शिकलात?"

"माहितीये सर. मुद्दाम उलटा लावलाय."

"कशासाठी?"

"आधी टेस्ट होऊ द्या, सर. मग ओरडा."

ती बाहेर गेली आणि काचेपलीकडून यंत्राचे आवाज सोडू लागली. ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच काम. गेले तीन आठवडे माझं ठाम मत होतं की निळ्या हेडफोनमधून आवाज कमी येतो. आता निळा हेडफोन उजव्या कानावर होता आणि सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मग तिनं लाल बाजू सुरू केली. त्या बाजूबद्दल कुणाची काहीच तक्रार नव्हती, आणि ती आता माझ्या डाव्या कानावर होती. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिलो. शाइस्ता एकामागून एक आवाज सोडते आहे, हे मला तिच्या हाताकडे बघून कळत होतं.

ती आत आली. म्हणाली, "सर, हेडफोन चांगलाय."

पुढचं वाक्य ती बोलली नाही. विद्यार्थी चांगले निघाले की असा त्रास होतो.

मी जिल्ह्याच्या गावातल्या एका विद्यापीठात ऑडिऑलॉजी, म्हणजे श्रवणशास्त्र, शिकवतो. सकाळी आम्ही रुग्णांची श्रवणचाचणी करतो, दुपारी ती कशी करायची हे शिकवतो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. इथं जी चूक आहे ती माझी आहे. तिचं श्रेय संस्थेला जायला नको.

ऑडिओमीटर हे आमचं मुख्य यंत्र. माणसाला किती बारीक आवाज ऐकू येतो, ते यानं मोजतात; आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. वर्षातून एकदा कंपनीचा माणूस येऊन ते जुळवून देतो. पण रोज सकाळी, पहिला रुग्ण यायच्या आधी, ते ठीक आहे का हे बघायची एक साधी रीत आहे. ज्याचं ऐकणं आधीपासून मोजलेलं आहे असा एक माणूस आत बसवायचा आणि त्याचीच चाचणी घ्यायची. आकडे रोजच्यासारखे आले तर यंत्र ठीक. वेगळे आले तर यंत्रात दोष. याला बायोलॉजिकल कॅलिब्रेशन म्हणतात. शंका आली तर आणखी एक माणूस बसवून बघायचा असतो. हे मी दर वर्षी शिकवतो. पण विभागप्रमुखाच्या, म्हणजे माझ्या, कानावर शंका घेऊन स्वतःचा कान पुढे करणारं आमच्याकडे कुणी नव्हतं, आणि मीही शोधायला गेलो नव्हतो.

तीन आठवड्यांपूर्वी डाव्या बाजूचे वरच्या पट्टीतले आवाज मला पंधरा डेसिबलनं कमी ऐकू आले. डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप. वरची पट्टी म्हणजे शिट्टी, पक्ष्यांची किलबिल, बोलण्यातले स आणि श. मी निदान केलं: निळा हेडफोन. कानात सतत एक बारीक शिट्टीही वाजत होती. तिचं निदान केलं: एसी.

त्याच आठवड्यात विद्यापीठात मूल्यांकन समिती येणार होती. कुंड्यांना गेरू लागला होता, भिंतींवर आमची ध्येयं लागली होती. अशा वेळी यंत्र बंद आहे म्हणणं शोभलं नसतं. म्हणून मी एक दुरुस्ती-तक्ता तयार केला: डाव्या कानाच्या वरच्या पट्टीतल्या आकड्यांतून पंधरा वजा करावेत. तो लॅमिनेट करून यंत्रावर चिकटवला. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि 'अनुकरणीय' हा शब्द वापरला.

समिती गेल्यावर पुण्याहून कंपनीचा माणूस आला. त्यानं हेडफोन मोजला.

"सर, शंभर टक्के ओके आहे."

"तुमचं हे मोजायचं यंत्र शेवटचं केव्हा तपासलंत?"

त्यानं चहा घेतला, सही घेतली आणि तो गेला. तक्ता तसाच राहिला. यंत्रात खोट नाही, माझ्यात आहे, ही शक्यता माझ्या मनात आलीच नाही असं मी म्हणणार नाही. आली आणि गेली.

त्या सोमवारी मी केसपेपर काढून स्वतःच्याच विभागाबाहेर बाकावर बसलो. पूर्ण चाचणी रीतसर व्हायला हवी होती. तिथं बसल्यावर कळलं की आमच्याकडे रुग्णांना नाव पुकारून आत बोलावतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना. शेजारच्या आजोबांचं नाव चारदा पुकारलं गेलं आणि ते शांतपणे पंख्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी दाराच्या आतल्या बाजूला होतो, त्यामुळे ही सोय माझ्या लक्षात आली नव्हती. आता आम्ही पाटीवर नंबर दाखवतो.

ऑडिओग्राम, म्हणजे चाचणीचा आलेख, घेऊन शेजारच्या इमारतीत कान-नाक-घसा विभागात गेलो. डावा कान तीन आठवड्यांत आणखी खाली गेला होता; रोज सकाळी वाढणारा तो फरक मी हेडफोनच्या नावावर लिहीत होतो. तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी आलेख बघितला.

"केव्हापासून?"

"तीन आठवडे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, आमच्या रेसिडेंट डॉक्टरांना लेक्चर तुम्हीच देता ना? एका कानानं अचानक कमी ऐकू आलं तर दिवस मोजत बसू नका म्हणून?"

"देतो."

"कितवी स्लाइड?"

"दुसरी."

त्यांनी नाव लिहिलं: सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस. म्हणजे आतला कान किंवा त्याची नस अचानक कमजोर होणं. दुखत नाही, वाहत नाही, वरून काही दिसत नाही. बहुतेक वेळा कारणही सापडत नाही. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी काहींचं ऐकणं परत येतं, पण त्या पहिल्या काही दिवसांत सुरू व्हाव्या लागतात. दोन आठवडे उलटले की आशा झपाट्यानं कमी होते.

हे लिहिण्याचं कारण तेच आहे. एखाद्या सकाळी एक कान जड वाटला, त्यात शिट्टी वाजू लागली, तर मळ असेल, सर्दी असेल, मोबाईलचा स्पीकर गेला असेल असं म्हणत बसू नका. खरोखर मळ निघाला तर उत्तमच. तो डॉक्टरांना काढू द्या. कानात तेल मात्र घालू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा.

गोळ्या सुरू झाल्या. शिवाय इंट्राटिम्पॅनिक इंजेक्शन: कानाच्या पडद्यातून बारीक सुई घालून औषध थेट आत सोडतात. ऐकायला जितकं भयंकर वाटतं तितकं ते नसतं. साधारण निम्मं असतं. नंतर अर्धा तास कुशीवर पडून राहायचं, बोलायचं नाही, गिळायचं नाही. प्राध्यापकाला यातलं काय अवघड गेलं हे सांगायला नको. एमआरआयची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. एकाच बाजूचं ऐकणं कमी झालं की नसेवर गाठ नाही ना, हे बघावंच लागतं. अशा गाठीला अकॉस्टिक न्यूरोमा म्हणतात. ती कर्करोगाची नसते आणि सावकाश वाढते, असं मी रुग्णांना नेहमी सांगत आलो. स्वतःला सांगितलं तेव्हा लक्षात आलं की या वाक्यानं धीर येत नाही.

पण त्या आठवड्यात गाठीपेक्षा मला तक्ता जास्त छळत होता. यंत्र ठीक होतं, म्हणजे आम्ही तीन आठवडे प्रत्येक रुग्णाच्या डाव्या कानाला पंधरा डेसिबल फुकट वाटले होते. ज्यांचा डावा कान अधू होता त्यांना तो बराय म्हणून घरी पाठवलं होतं. शाइस्तानं तक्ता ओढून काढला. त्याच्याबरोबर यंत्राचा रंगही निघाला. नोंदवहीत एकोणचाळीस नावं निघाली. फोन मीच करायचे ठरवले. ऐकू कमी येणाऱ्या एकोणचाळीस माणसांना फोनवर 'पुन्हा या' हे समजावून सांगण्याचा अनुभव ज्याला हवा असेल त्यानं जरूर घ्यावा.

अडतीस जण आले किंवा येतो म्हणाले. राहिल्या पाथर्डीकडच्या हिराबाई. त्यांच्या दोन्ही कानांचं ऐकणं कमी झाल्याची तक्रार होती. मी उजव्या कानाला श्रवणयंत्र दिलं होतं आणि डावा चांगला आहे, असं स्वतः सांगितलं होतं. त्यांचा फोन बंद लागत होता. चार-पाच दिवसांत त्यांची टोळी ऊसतोडीला निघणार होती; मग सहा महिने त्या कुठल्या कारखान्याच्या फडात असतील हे कुणालाच सांगता आलं नसतं. फडात मागून ट्रॅक्टर येतो, बैलगाड्या वळतात. डाव्या बाजूनं काय येतंय हे कळणं तिथं गरजेचं असतं. त्यांच्या गावच्या जीपवाल्याचा नंबर शाइस्तानं कुठून तरी मिळवला. टोळी निघायच्या आदल्या दिवशी त्याच जीपनं त्या आल्या.

मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो आणि सावकाश बोललो. "बाई, चूक झाली. तुमचा डावा कानही कमी आहे. मी बरा म्हणालो होतो."

"मला कळत हुतं की त्ये," हिराबाई म्हणाल्या. "डाव्या अंगाला जाऊ बोलली की काय बी समजायचं न्हाई. पन म्हनलं, मशिनीत निघालंय, त्येच खरं आसंल. तुमी शिकलेली मानसं. आपलंच काय तरी चुकत आसंल."

"तुमचं चुकत नव्हतं."

"जाऊ म्हनती, ही मुद्दाम ऐकत न्हाई. दोन दिस बोलली न्हाई माझ्यासंगं. तिला काय सांगू आता?"

"सांगा, सरांचं चुकलं."

"तशी मानायची न्हाई ती. लिहून द्या."

मी विद्यापीठाच्या कागदावर लिहून दिलं की सदर महिलेस डाव्या बाजूनं खरोखरच कमी ऐकू येतं आणि त्या मुद्दाम दुर्लक्ष करीत नाहीत. खाली सही, शिक्का. माझ्या नोकरीतलं सर्वांत उपयोगी प्रमाणपत्र बहुधा तेच असावं.

शाइस्तानं त्यांची चाचणी पुन्हा केली आणि डाव्या कानालाही श्रवणयंत्र बसवलं. मी बाहेर थांबलो. निघताना हिराबाईंनी विचारलं, "तुमचा बी कान गेला म्हनती ही पोरगी. कसा काय? तुमी तर डाक्टर."

"मी डॉक्टर नाही, बाई. प्राध्यापक."

"मंग बरोबर," त्या म्हणाल्या आणि जीपकडे निघाल्या.

त्या माझ्यावर विश्वास ठेवून चुकल्या. मीही त्याच माणसावर विश्वास ठेवून चुकलो होतो, पण मी त्याला जवळून ओळखत होतो.

एमआरआयचं यंत्र इतका आवाज करतं की आधी कानात बोळे घालतात आणि मग कान तपासायला आत ढकलतात. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. बाहेरच्या बाकावर मी पाकीट तीनदा उघडलं आणि तीनदा बंद केलं. ते वाचता येणाऱ्या माणसाला बाकावर बसणं जास्त जड जातं. शेवटी ते मॅडमच्या हातात दिलं.

"गाठ नाही," त्या म्हणाल्या. "कारणही नाही."

इंजेक्शनांनंतर मधल्या पट्टीतलं ऐकणं थोडं परत आलं. वरची पट्टी गेली ती गेली. डावीकडून विद्यार्थिनी बोलल्या की शब्दांच्या कडा कुरतडलेल्या वाटतात. शिट्टी चोवीस तास वाजते. तिची सवय होते, असं मी रुग्णांना सांगायचो आणि ते खरं निघालं. "वेळेवर आला असतात तर काय झालं असतं हे मला विचारू नका," मॅडम म्हणाल्या, "आणि स्वतःलाही विचारू नका." पहिलं मी पाळलं.

आता रोज सकाळी यंत्र तपासायला दोन जण बसतात, पाळीपाळीनं. दोघांचे आकडे वेगवेगळे लिहिले जातात. त्या यादीत माझं नाव नाही. पहिला महिनाभर सव्वानऊला मला काय करावं ते सुचायचं नाही.

माझ्या डाव्या कानाचं श्रवणयंत्र शाइस्तानंच बसवलं. मी गेली कित्येक वर्षं रुग्णांना बजावत आलोय: यंत्र सकाळी उठल्यावर घाला, झोपताना काढा, सुरुवातीला भांडी आपटतात, कागद कडकडतो, तरी काढू नका, मेंदूला सवय व्हायला वेळ द्या. हे सगळं बरोबर आहे, आणि तुमच्यावर वेळ आली तर तुम्ही ते तंतोतंत पाळा. या आजारानं माझा एक कान नेला, पण दाराच्या बाहेरचा बाक दाखवला, आणि विचारायच्या आधी चाचणी करणारी विद्यार्थिनी दाखवली. तिचे, मॅडमचे आणि हिराबाईंचे माझ्यावर उपकार आहेत. मागच्या महिन्यात तिसऱ्या वर्षाच्या वर्गापुढे मी हे असंच बोललो. उपदेश करणारा आता स्वतः त्या जागी उभा आहे, दिवसभर यंत्र वापरतो आहे, असंही म्हणालो. वर्ग गंभीर झाला होता.

त्याच दिवशी दुपारी माझी फेरतपासणी होती. शाइस्तानं यंत्र कॉम्प्युटरला जोडलं. ही नवी यंत्रं आपण किती वेळ वापरात होतो याची नोंद स्वतःच ठेवतात. माझी रोजची सरासरी एक तास पन्नास मिनिटं होती.