चिनी सुपाला फोडणी

माझा नवरा बोटीवर फिटर होता. वर्षातले बरेचसे महिने समुद्रात आणि उरलेले डोंबिवलीत, मानपाडा रोडच्या आमच्या दोन खोल्यांत. घरी आला की पहिले काही दिवस पाहुण्यासारखा अवघडून बसायचा आणि मग बोटीवरच्या सुपाचं कौतुक सुरू करायचा. तिथला स्वयंपाकी हाँगकाँगचा, कॅन्टनी म्हातारा. तो म्हणे मंद आचेवर तासन्‌तास हाडांचं सूप करायचा आणि ते प्यायलं की दिवसभराचा शीण जायचा. "त्याची सर कशालाच नाही," असं हा माझ्याच रश्श्यात भाकरी चुरत म्हणायचा. साताऱ्याकडे माझ्या माहेरी त्याच रश्श्यासाठी माणसं बोटं चाटायची. मला ते सूप सवतीसारखं वाटायला लागलं.

नव्वद सालच्या आसपास तो असाच सुट्टीवर आला होता. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात त्याला कायमची नोकरी मिळत होती. सोमवारी जाऊन हो की नाही ते सांगायचं होतं. नाही म्हटलं की पुन्हा बोट. तो मूग गिळून बसला होता आणि मी पहिल्यापासून मानी, थांबा म्हणून विनवण्या करणाऱ्यातली नव्हे. माझं गणित सोपं होतं. बोटीवर जे मिळतं ते घरात मिळालं तर माणूस बाहेर जाईल कशाला? सूप देऊन नवरा ठेवून घ्यायचा, म्हणजे आवळा देऊन कोहळा काढायचाच बेत.

शनिवारी त्याच्याकडून कृती काढून घेतली. शेजारीण म्हणाली, "सोया सॉस आण, अजिनोमोटो आण, स्टेशनजवळचा चायनीजचा गाडीवाला तेच घालतो." नवरा हसला. म्हातारा त्यातलं काहीच घालायचा नाही. मांस, मुळा, गाजर, आल्याचे जाड काप आणि शेवटी मीठ, बस्स. बोटीवर मांस डुकराचं असायचं, ते आमच्याकडे चालणार नव्हतं, म्हणून बोकडाचं ठरलं. त्यांची ती लाल सुकी बोरं इथे कुठून मिळणार? त्याऐवजी मी खारका घेतल्या.

"सूप?" सासूबाईंनी विचारलं. "ते पाखडायचं?"

मी दुर्लक्ष केलं.

रविवारी सकाळीच मटण आलं. म्हाताऱ्याची पद्धत अशी की आधी मटणाला एक उकळी आणायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. मी पातेलं मोरीत ओतलं आणि सासूबाई किंचाळल्याच.

"अगं, सगळा जीव मोरीत गेला ना त्या मटणाचा! आता काय लाकडं खायची?"

"आई, तसंच असतं ते," नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला.

मटण धुतलं, ताजं पाणी घातलं आणि पातेलं वातीच्या स्टोव्हवर चढवलं. नंबर लावूनही गॅसचं सिलिंडर आलं नव्हतं, आणि खरं तर या कामाला स्टोव्हची मिणमिणती आचच बरी. ढवळायचं नाही, उकळ्या फुटू द्यायच्या नाहीत, फेस येईल तेवढा काढायचा. सासूबाई मधूनमधून झाकण उचलून आत बघायच्या आणि "आजाऱ्याचं पाणी" म्हणून पुन्हा ठेवायच्या. दुपारपर्यंत मटण मऊ झालं. पाणी इतकं निवळ की तळाशी गेलेलं गाजर दिसत होतं. आल्याचा आणि खारकांचा गोडसर वास येत होता. सवत असली तरी गुणी होती, हे मला कबूल करावंच लागलं.

तेवढ्यात खालच्या नळाला पाणी आलं. मी हंडे घेऊन गेले. परत येताना जिन्यातच लसणीचा खमंग वास नाकात शिरला. धावत वर आले. सुपावर लालभडक तवंग होता आणि सासूबाई फोडणीची पळी धूत होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई! फोडणी दिलीत?"

"एवढीशीच गं. चार पाकळ्या लसूण आणि आपला मसाला."

"कुणी सांगितलेलं तुम्हाला? हे नीट जमलं असतं तर ते थांबले असते!"

बोलून गेले आणि जीभ चावली. नवरा दारातच उभा होता, हातात वाडगे घेऊन.

सासूबाई मात्र शांत. "आणि मी फोडणी कशाला दिली म्हणतेस? त्या चिन्याची चव जशीच्या तशी लागली असती, तर याला बोटच आठवली असती. उद्याच पळाला असता."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग मला हसू फुटलं आणि सासूबाईही तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एकच गाडा ओढत होतो, पण दोघी दोन दिशांना.

नवरा हसला नाही. त्याने आपल्या हाताने सूप वाढून घेतलं आणि खाली बसून प्यायला लागला. एक वाडगा संपला, दुसरा घेतला.

"कसं झालंय?" न राहवून मी विचारलं.

"सुपाचं राहू दे," तो म्हणाला. "मी थांबावं असं वाटत होतं, तर सांगायचं ना. दर वेळी मी निघालो की तुम्ही दोघी हसत हसत हातावर दही घालता. एकीच्याही डोळ्यात टिपूस नसतं. तिकडे मला वाटायचं, यांचं माझ्यावाचून छान चाललंय."

जाणाऱ्याच्या मागे रडू नये, अपशकुन होतो, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत आम्ही हात हलवत उभ्या राहायचो.

"अरे, तू गेलास की दार लावून रडतो आम्ही," सासूबाई म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "दार लावून?"

"कडी घालून," मी म्हटलं, आणि आता एवढं झालंच आहे तर उरलेलंही बोलून टाकलं. "जाऊ नका."

"नाही जात," तो म्हणाला आणि वाडगा पुढे केला.