दहा अक्षरांचा रकाना

स्क्रीनच्या प्रिंटवर तीन पेशंटची नावं होती आणि तिघांपुढे एकच शब्द होता: लेगेमिडल. गुरुवारची सकाळ होती. डेन्मार्कमधल्या एका हॉस्पिटलात आमची सिस्टिम सोमवारपासून चालू होती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी बेसिंगस्टोकच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होते. आम्ही वॉर्डसाठी सॉफ्टवेअर करायचो. पेशंटचं नाव, बेड आणि शेवटी धोक्याच्या सूचनेचा रकाना. माझे यजमान, अविनाश, जाऊन सात आठवडे झाले होते. मी नुकतीच कामावर परतले होते, म्हणून ग्रॅहमने, माझ्या मॅनेजरने, मला हलकं काम दिलं होतं. मॅन्युअलमध्ये घालायच्या, त्या हॉस्पिटलातल्या स्क्रीनच्या प्रिंट डॅनिश यादीशी जुळवून बघायच्या.

मला डॅनिश येत नाही. पण यादी वाचताना शाळेतलं संस्कृत आठवत होतं. तिथेही शब्दाला शब्द जोडत जातात, मध्ये जागा सोडत नाहीत. शब्दकोशात तुकडे शोधले. लेगेमिडल म्हणजे औषध. त्याला ओव्हर, म्हणजे अति, मग फोल्सोम, म्हणजे संवेदनशील, आणि शेवटी हेड. हे हेड म्हणजे आपला ‘ता’ किंवा ‘पणा’. सगळं मिळून औषध-अतिसंवेदनशीलता. इंग्रजी यादीत त्या जागी साधं ‘अ‍ॅलर्जी’ होतं. ‘औषधाचं व्यसन’ आणि ‘औषधाची विषबाधा’ हेही डॅनिशमध्ये असेच एकेक लांब शब्द. तिन्हींची सुरुवात लेगेमिडलनेच.

रोमन लिपीत लेगेमिडलची अक्षरं दहा. आमचा रकानाही दहा अक्षरांचा, कारण इंग्रजी यादीतला सर्वांत लांब शब्द ‘डिपेन्डन्स’, म्हणजे व्यसन, दहा अक्षरांचा होता. जास्त लांब शब्द आला तर उजवीकडून कापायचा, अशी एक ओळ प्रोग्रॅममध्ये होती. ती मीच लिहिली होती, अविनाश हॉस्पिटलात असताना.

मी यादी पुन्हा तपासली. मग आणखी एकदा. त्या आठवड्यांत माझा स्वतःवर भरवसा नव्हता. दार उघडं टाकून मी दोनदा ऑफिसला आले होते. तरीही प्रिंट घेऊन ग्रॅहमकडे गेले.

“यातल्या कोणाला तरी अ‍ॅलर्जी असेल,” मी म्हटलं. “कोणाला ते कळत नाही.”

त्याने प्रिंटकडे न बघता माझ्याकडे बघितलं. “शीला, आर यू ऑल राइट? घरी जायचंय का?”

“नाही.”

“हे सगळं टेस्ट झालंय.”

“इंग्रजीत झालंय.”

“आणि इंगेने यादीवर सही केलीय. तुला तर डॅनिश येतही नाही.”

“मग इंगेलाच विचारू या.”

इंगे आमची भाषांतरकार. बर्मिंगहॅममध्ये राहणारी, निवृत्त डॅनिश नर्स. आमच्याकडची पद्धत अशी की भाषांतरकाराला कागदावर दोन रकान्यांची यादी पोस्टाने पाठवायची. स्क्रीन कोणी दाखवत नसे. ग्रॅहमने फोन स्पीकरवर टाकला. मी शब्द एकेक अक्षर करून वाचला.

“औषध,” इंगे म्हणाली.

“एवढंच?”

“एवढंच. पुढचं कुठे गेलं?”

“रकान्यात मावलं नाही. मी कापलं.”

“आमच्या लांब शब्दांना इंग्रज हसतात, त्याची मला सवय आहे. कापणारी तूच पहिली. अगं, आजार शेवटच्या भागात असतो.”

“मग नुसतं ‘अलेर्गी’ का नाही लिहिलं तुम्ही?” ग्रॅहमने विचारलं.

“कारण ती मांजराचीही असते. मला कोणी सांगितलं का, जागा किती आहे ते?”

ग्रॅहमने स्पीकर बंद केला. मग त्या हॉस्पिटलला फोन लावला. वॉर्डची सिस्टर राउंडवर होती. निरोप ठेवला. त्यानंतरचा सव्वा तास मी खुर्चीत बसून होते. सोमवारपासून गुरुवारपर्यंत त्या वॉर्डात किती इंजेक्शनं दिली गेली असतील, हाच हिशेब डोक्यात चालू होता. अविनाशच्या बेडशेजारच्या सिस्टर प्रत्येक इंजेक्शनच्या आधी काय वाचायच्या, ते मी रोज बघितलं होतं.

फोन आला. ग्रॅहमने ऐकून घेतलं, दोनदा ‘आय सी’ म्हणाला आणि रिसीव्हर ठेवला.

“कोणाला काही झालेलं नाही. सोमवारी दुपारीच त्यांनी तो रकाना बघायचं सोडून दिलं. फायलींवर पूर्वीसारखे लाल स्टिकर लावताहेत.”

“मग आपल्याला कळवलं का नाही?”

“त्यांना वाटलं, तो रकाना दुसऱ्याच कशासाठी तरी असेल.”

मी वॉशरूममध्ये जाऊन दहा मिनिटं थांबले. परत येऊन रकाना दोन ओळींचा करायला घेतला. त्याला तीन दिवस लागले. फॉल्ट रिपोर्टवर, चूक कोणाची या जागी, मी माझं नाव लिहिलं. ग्रॅहमने ते खोडून ‘टेस्टिंग प्रोसीजर’ असं लिहिलं. चांगुलपणा होता की कंपनीची सोय, हे मी विचारलं नाही.

पुढच्या यादीपासून इंगे बर्मिंगहॅमहून ट्रेनने येऊन स्क्रीनसमोर बसू लागली. दर वेळी काही ना काही चूक काढायचीच. आणि मी एक शिकले. चूक दाखवणारा माणूस दुःखात आहे की भानावर, हे नंतर विचारलं तरी चालतं. त्याच्या हातातला कागद आधी बघावा.