कारण : चाल जमत नाही

ज्याचं तुमच्या शहरात राहणंच तुम्हाला खुपतं, त्याच्या कमरेचा दोर तुमच्या कमरेला बांधला तर तुम्ही काय कराल?

मी जोडी बदलून मागितली.

ऐंशीनंतरची वर्षं. मी, सावंत, सैन्याच्या सिग्नल्समध्ये लान्स नाईक होतो, उत्तरेकडच्या एका बर्फाळ चौकीवर. काम एकच, टेलिफोनची लाइन चालू ठेवणं. पाचला चहा, साडेपाचला दोरांची तपासणी, सहाला कूच. बर्फाखाली खोल भेगा असत, म्हणून दोघादोघांना एका दोराने बांधत. एक जण भेगेत गेला की दुसऱ्याने त्याच क्षणी आडवं पडून कुऱ्हाड बर्फात रोवायची. त्यासाठी जोडीदाराची चाल अंगात मुरावी लागते. आम्हाला सरावाला तीन आठवडे दिले होते.

हवालदारसाहेबांनी मला वेलूबरोबर बांधलं. "दोनों बंबईवाले. एक रस्सी."

सिग्नलमन वेलू घाटकोपरचा, मी मालाडचा. भरती होण्याआधी मी स्टेशनबाहेर पत्रकं वाटायचो. मद्रासी लोकांनी आमच्या नोकऱ्या लाटल्या, असं त्यांत छापलेलं असे. माझे वडील गिरणीतलं काम सुटून घरी बसलेले. पत्रकातला शब्द न् शब्द मला खरा वाटायचा.

"काय रे मालाडकर," वेलू म्हणायचा, "तुझ्या स्पीडने चाललो तर वर पोचेपर्यंत पेन्शन सुरू होईल यार."

"माझ्याशी मराठीत बोलू नको."

"मग काय तामिळमध्ये बोलू? मलाच धड येत नाही."

सगळे हसले. मी हसलो नाही. सराव संपला त्या संध्याकाळी मी हवालदारसाहेबांकडे गेलो आणि जोडी बदलून मागितली. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, चाल जमत नाही. हे खोटं होतं. आमच्याइतकी चाल कुणाचीच जमत नव्हती. साहेबांनी रजिस्टरमध्ये तसं लिहिलं आणि वेलूला नुकत्याच आलेल्या एका जवानाबरोबर बांधलं.

दुसऱ्या दिवशी लाइन तुटली. सहाला निघालो. वेलूची जोडी पुढे, मी मागच्या दोरावर. सहा चाळीसला वेलूच्या पायाखालचा बर्फ फुटला. पडताना तो ओरडला, "सावंत, धर!"

तीन आठवड्यांची सवय. दोराच्या दुसऱ्या टोकाला मी नव्हतो. नवा जवान आडवा पडला, पण क्षणभर उशिरा. तोही काठापर्यंत ओढला गेला. भेगेच्या धारेवर दोर तुटला.

मी वायरलेस सेट उचलला. "एक जवान खाली. ओव्हर."

"जिवंत आहे? ओव्हर."

"आवाज येत नाही. ओव्हर."

बारा वाजता त्याला वर काढलं.

सुट्टीवर आलो तेव्हा त्याची ट्रंक घेऊन मीच घाटकोपरला गेलो. चाळीतली एक खोली, आत छोटं स्वयंपाकघर. वडील रेल्वे वर्कशॉपमधले फिटर. त्याची आई आतल्या बाजूला स्टोव्हपाशी होती.

"तू सावंत ना?" वडिलांनी विचारलं. "त्याने पत्रात लिहिलं होतं, दोरावर मालाडचा सावंत आहे, काळजी करू नका."

"त्या दिवशी नव्हतो, काका. मी जोडी बदलून घेतली होती."

"का?"

"तुम्ही मद्रासी म्हणून."

त्यांनी ट्रंक भिंतीकडे सरकवली. मग उठून त्यांनी आतलं दार ओढून घेतलं.

"हिला सांगू नकोस," ते हळू आवाजात म्हणाले. "ती सगळ्यांना सांगते, शेवटच्या वेळी आपल्या मुंबईचा माणूस दोरावर होता."

मी तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो आहे. वेलू तेवीस वर्षांचा होता. जन्म घाटकोपरचा. त्याने शेवटची हाक मराठीत मारली आणि ती मला मारली.

तुमच्यापैकी कुणी ऑफिसात टेबल बदलून मागेल, कुणी सोसायटीत एखाद्याला जागा नाकारेल. त्या अर्जात कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहा. 'याची जात मला चालत नाही', 'याची भाषा मला खुपते', असं स्वच्छ अक्षरात लिहा आणि खाली पूर्ण नावाने सही करा. सही करायला हात धजला नाही, तर तो अर्ज तिथेच फाडून टाका.