रहोबोथ आळीची विहीर

आमच्या आळीला रहोबोथ का म्हणतात, असं नातवंडं विचारतात. माझे सासरे विहिरी खणायचे. घरासाठी खणलेल्या पहिल्या दोन विहिरी त्यांच्या चुलतभावाने भांडून बळकावल्या. सासरे कुदळ उचलून मुकाट पुढे सरकले.

तिसऱ्या विहिरीला चाळीस हातांवर झरा फुटला. सासरे तळाशी होते, वर दोराला सासूबाई आणि मी. तेवढ्यात चुलतभाऊ आला आणि त्याने दोर हिसकावला.

“हीपण माझी म्हण,” तो आत ओरडला, “मगच वर घेतो.”

पाणी कमरेला लागलं. इकडे सासूबाईंच्या तोंडचं पळालं.

खालून सासरे म्हणाले, “अरे, दोन सोडल्या तशी हीही सोडतो. पण सोडायला वर तरी काढशील ना? का पोरांना त्यांच्या बुडालेल्या काकाच्या विहिरीचं पाणी पाजशील?”

त्याची दोरावरची पकड सैल झाली. वाटलं, सोडतोय दोर. मग तो ओढायलाच लागला, वर आम्हालाच दटावलं, “ओढा की वहिनी, बघत काय राहिलात!”

सासऱ्यांनी वर येताच पहिली घागर त्यालाच दिली. पवित्र शास्त्रात, आमच्या बायबलात, इसहाकानेही भांडणाच्या दोन विहिरी सोडल्या. तिसरीवर कुणी भांडलं नाही, म्हणून तिला रहोबोथ म्हटलं, म्हणजे ऐसपैस जागा. चुलतभावानेही मग ही विहीर मागितली नाही, म्हणून सासऱ्यांनी तिला तेच नाव ठेवलं; पुढे तेच आळीला पडलं.

आता आळीत दोन्ही घरांची नातवंडं राहतात. ऐसपैस म्हणाल, तर दोन सायकली समोरासमोर आल्या की एकीला मागे सरावं लागतं.