पाच वर्षांचा एक आकडा

वडिलांचं नाव एक्स-रेच्या यादीत आलं नाही, आणि ती यादी मी केली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला माझी उगाच कीव यायला नको.

आमची चाळ काळाचौकीला. वडील गिरणीत साचेखात्यात होते. साचे म्हणजे माग, तिथे विणकाम चाले. संप झाला, लांबला, आणि तो संपला असं आम्हाला कोणी कधी धडपणे सांगितलंच नाही. गिरणीचं फाटक बंद राहिलं ते राहिलंच. मग वडील दादरच्या फुलबाजारात ओझी उचलायला जाऊ लागले. दोन-दोन मागांवर नजर ठेवणारा माणूस झेंडूची पोती वाहतो हे पाहून माझं डोकं फिरायचं. त्यांचं फिरत नसे. "फुलां हलकी असतत गो बाय," एवढं म्हणून जेवायला बसत.

मी तोवर संख्याशास्त्र शिकून शहराच्या दक्षिण टोकाला एका संशोधन संस्थेत लागले होते. तिथे आकाशाचा अभ्यास चाले. वडील माझ्याविषयी सगळ्यांना सांगत, "आमचा चेडू चांदण्यो मोजता." प्रत्यक्षात मी दुर्बिणीला कधी डोळासुद्धा लावला नव्हता. रेडिओलहरी टिपणारी ती दुर्बीण लांब कुठल्या तरी डोंगरावर होती, तिथून आकड्यांनी भरलेल्या टेपा यायच्या, आणि माझं काम ते आकडे सपाट करण्याचं होतं.

म्हणजे असं. आकाशाचा एकच तुकडा दुर्बीण रोज टिपते. रोजचा एक कागद धरा, उभ्या-आडव्या चौकटींचा, प्रत्येक चौकटीत एक आकडा. असे महिनाभराचे कागद एकावर एक ठेवले की आकड्यांचा ठोकळा होतो. त्याला लांबी आहे, रुंदी आहे, आणि खोली म्हणजे दिवस. ठोकळा कोणाला वाचता येत नाही. माणसाला चित्र लागतं. म्हणून ठोकळा दिवसांच्या बाजूने दाबायचा. एका चौकटीतले महिनाभराचे आकडे घ्यायचे आणि त्यांचा एकच आकडा करायचा. सरासरी काढता येते, पण एखाद्या दिवशी वीज कडाडली किंवा जवळून खटारा गेला की त्या दिवसाचा आकडा भलताच उसळतो आणि सरासरीला ओढून नेतो. त्यापेक्षा मध्यक बरा. सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभे करायचे आणि बरोबर मधला उचलायचा. टोकाचे आकडे आपोआप गळतात. चित्र स्वच्छ निघतं.

आमचे सर एक वाक्य नेहमी म्हणत, "एकदाच दिसतं ते बहुतेक आकाशातलं नसतं." सोबत आणखीही एक म्हणत, की दाबण्याआधी ठोकळा एकदा तरी चाळून बघावा. पहिले काही महिने मी चाळला. मग सवयीने दाबू लागले. काम भराभर उरकायचं आणि शाबासकी मिळायची.

चाळीतल्या गणेशोत्सव मंडळाने संपानंतर एक चांगलं काम सुरू केलं होतं. मंडप उभा राहिला की मूर्ती यायच्या आधीच्या रविवारी तिथेच गिरणी कामगारांची तपासणी. परळच्या एका इस्पितळातले तरुण डॉक्टर फुकट यायचे. वजन, नाडी, आणि मुख्य म्हणजे श्वास. प्लास्टिकची एक नळी होती, तिच्यात जोर लावून फुंकायचं की काटा सरकायचा. बायकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव फुंकणी ठेवलं. आकडे वहीत उतरवायला मी, कारण चाळीतली शिकलेली मीच.

गिरणीतला खोकला सगळ्यांनाच होता. कापसाचे तंतू वर्षानुवर्षं छातीत गेलेले. सकाळी चाळीत पहिला आवाज खोकल्याचा, नळाचा नंतर. खोकला म्हणजे गिरणीचा, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं होतं की कोणी तो आजार धरतच नसे. ज्याला खोकला नाही तो गिरणीत कामचुकारपणा करत असेल, असं म्हणून त्याची थट्टा व्हायची.

पण वहीतले आकडे म्हणजे नुसता गोंधळ होता. पहिल्या वर्षी अशी आवई उठली की गिरणी पुन्हा चालू होणार आणि ज्याची छाती चांगली त्याला आधी घेणार. झालं! आठवडाभर पुरुषमंडळी सज्जात उभं राहून सायकलच्या ट्यूबा तोंडाने फुगवत होती. मंडपात एकेकाच्या मानेच्या शिरा फुटायच्या बेतात. दुसऱ्या वर्षी आवई उलटी: ज्याची छाती खराब त्याला भरपाई. त्या वर्षी तेच पहिलवान फुंकणीत असे फुंकत होते की दिवासुद्धा विझला नसता. पुढेही कधी हे, कधी ते. डॉक्टर हात जोडून सांगत, खरं फुंका. खरं फुंकून कोणाचं भलं झालं होतं?

वडील तेवढे खरं फुंकायचे. चार वर्षं त्यांचा काटा चारशेच्या आसपास. ना आवईने वाढला, ना घटला. मला त्यांचा अभिमान वाटायचा, आणि थोडा रागही यायचा, की हा माणूस जगात कसा टिकणार.

पाचव्या वर्षी त्यांनी फुंकलं आणि काटा दोनशे साठवर थांबला. त्यांनी डॉक्टरकडे पाहिलं. "परत मारू काय?" रांग मोठी होती. डॉक्टरने आणखी दोनदा फुंकायला लावलं, काटा तिथेच. मी वहीत लिहिलं, दोनशे साठ. माझ्याच अक्षरात आहे ते.

घरी आल्यावर मी हसून म्हटलं, "काय बाबा, शेवटी तुम्हीपण?"

ते चपला काढत होते. म्हणाले, "नाय गो. फुंक इतकीच इली."

मी आणखी हसले. मला खरंच वाटलं की एवढ्या वर्षांनी बाबांनाही चाळीची हवा लागली. आईला मी ते मजेमजेत सांगितलंसुद्धा. ती तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही.

त्या वर्षी इस्पितळाने मंडळाला कळवलं की वीस जणांचे एक्स-रे फुकट काढून देऊ. नावं तुम्ही द्या. डॉक्टरांनी वह्या माझ्याकडे सोपवल्या आणि म्हणाले, "पाच वर्षांचं बाड आम्ही कधी वाचणार? एका माणसाचा एक आकडा करून द्या. तीनशेच्या खालचे आम्ही बोलावतो." मला मनातून बरं वाटलं. हे तर माझं रोजचं काम होतं. आडवी माणसं, उभ्या तपासण्या, खोलीला वर्षं. संस्थेत जेवणाच्या सुट्टीत आकडे भरले आणि वर्षांच्या बाजूने ठोकळा दाबला. सरासरी घ्यावी असं मनातसुद्धा आलं नाही. इथे तर विजा कडाडत होत्या आणि खटारे जात होते. मध्यक घेतला. खोटं फुंकलेले आकडे गळून गेले. दरवर्षी ज्यांचा श्वास कमी भरत होता ते नेमके वीस जण खाली उरले. मी स्वतःवर इतकी खूश होते की छापील कागद दोनदा काढला.

वडिलांचा मध्यक चारशे दहा.

कागद चाळीच्या फळ्यावर त्यांनीच खळीने चिकटवला. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. आपलं नाव नाही हे पाहून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "म्हणजे मी बरो आसंय." मी म्हटलं, हो. मागे उभ्या असलेल्यांना ते सांगत होते की ही यादी साधी नाही, चांदण्यांच्या मशीनवर केलेली आहे.

दिवाळीपर्यंत त्यांचा खोकला वाढला. जिना चढताना ते दुसऱ्या मजल्यावर थांबू लागले आणि गुडघा धरलाय म्हणू लागले. आई एकदा म्हणाली, "छातीचो फोटो काढून घेवया." वडील चिडले. यादीत ज्यांची नावं आहेत त्यांना आधी जाऊ दे, त्यांची छाती खरी खराब आहे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांचीच बाजू घेतली. आकडा चांगला आहे, आई, कशाला घाबरवतेस, असं मी म्हटलं. हे वाक्य मी जसंच्या तसं बोलले होते. ते विसरायला मी पुष्कळ प्रयत्न केला.

शिमग्याच्या सुमारास रुमालावर रक्त आलं. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ दिसली. डॉक्टर तोच, तपासणीतला. कधीपासून दम लागतो, त्याने विचारलं. वडील म्हणाले, गणपतीपासून. त्याने मला दोष दिला नाही, पण गणपतीत हे कळतं तर काही करता आलं असतं, हे त्याने लपवलंही नाही. पाऊस लागायच्या आत वडील गेले. शेवटपर्यंत ते गिरणीच्या कापसाला शिव्या देत होते. माझ्याविषयी त्यांच्या मनात काही असावं असं वाटत नाही, आणि मला त्याचाच जास्त त्रास होतो.

बाराव्यानंतर कामावर गेले आणि वहीतले आकडे पुन्हा भरले. सगळं करून पाहिलं. सरासरी काढली, वडील सुटले. सर्वांत मोठा आकडा घेतला, सुटले. सर्वांत लहान घेतला तेव्हा ते सापडले, पण त्यांच्याबरोबर जवळजवळ अख्खी चाळ सापडली, कारण कधी ना कधी प्रत्येकाने पोकळ फुंकलेलं होतं, आणि एक्स-रे वीसच होते. मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून म्हणाले, "मी असतो तरी मध्यकच घेतला असता." त्यांना मला धीर द्यायचा होता. मला त्यांच्या अंगावर वही फेकावीशी वाटली.

मग मी ठोकळा न दाबता एकेक माणूस चाळला. जे काम वेळखाऊ म्हणून टाळलं होतं त्याला एक दुपार पुरली. आधी चांगला आणि नेमका शेवटच्याच वर्षी कोसळलेला, असा आकडा किती जणांचा? वडील सोडून चौघांचा. चौघंही यादीत नव्हते. मी त्याच संध्याकाळी चौघांच्या घरी गेले आणि हातापाया पडून त्यांना एक्स-रेला तयार केलं. ते तयार झाले ते माझ्या वडिलांचं काय झालं ते पाहून.

परळच्या इस्पितळात आम्ही पाच जण बाकावर बसलो होतो. चौघंही जुने साचेवाले, वडिलांचे सोबती, मला लहानपणापासून ओळखणारे. गप्पा मारताना एकाने कबूल केलं की भरपाईच्या आशेने तो मुद्दाम हळू फुंकला होता. दुसऱ्याला त्या दिवशी सर्दी होती. तिसऱ्याचा उपास होता. चौथे काका म्हणाले की नवी कवळी बसवली होती, ती डॉक्टरच्या अंगावर उडू नये म्हणून जपून फुंकलो. बाकीचे हसले. मी हसले नाही. मी तिथे बसून एक इच्छा करत होते, आणि ती इच्छा अशी की यांच्यापैकी एकाच्या तरी छातीत काहीतरी निघावं. अगदी सुरुवातीचं असलं तरी चालेल, पण निघावं. निघालं तर तो माणूस वाचेल असं मी मनाला सांगत होते. ते खोटं होतं. निघालं असतं तर चूक सगळ्यांच्या वाट्याला आली असती, एवढंच मला हवं होतं.

काही निघालं नाही. चारही फोटो स्वच्छ. चौघांच्याही बाबतीत शेवटचा आकडा खोटा होता आणि माझा मध्यक खरा होता. चाळीतल्या इतक्या माणसांत माझं गणित एकाच ठिकाणी चुकलं होतं.

मला रडू फुटलं. कवळीवाल्या काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सगळे बरे आसंव, मगे रडतंस कित्याक?" असं म्हणून त्यांचेच डोळे भरून आले. चाळीत पोचल्यावर त्यांनी सज्जात सगळ्यांना सांगितलं की ही पोर आमच्यासाठी रडली, बाप गेला तरी हिने आमची काळजी केली. बायका माझ्या तोंडावरून हात फिरवू लागल्या. आमच्या दारात आई उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला आत बोलावलं.

दार लावून ती माझ्यासमोर बसली. आवाज चढवला नाही.

"तुका त्यांच्यात कोणतरी सापडाक होयो होतो," ती म्हणाली. "होय ना?"

मी हो म्हटलं.